पल्स ऑक्सिमीटरच्या पडद्यावरचा आकडा कोणाच्या रक्तावरून ठरतो?

कातळखूण (धागाकर्ता)

२०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि तोवर शल्यक्रियागृहात व अतिदक्षता विभागात वावरणारा पल्स ऑक्सिमीटर आशा सेविकांच्या पिशवीतून वाड्यावस्त्यांवर पोहोचला. आता तो अनेक घरांत तापमापकाशेजारी ठेवलेला असतो. मी वैद्यकीय उपकरणांच्या चाचणीचे काम करणारा अभियंता आहे. या यंत्राबद्दल मला एक गोष्ट सविस्तर मांडायची आहे. त्याच्या पडद्यावर दिसणारी प्राणवायूची टक्केवारी रक्तातून थेट मोजलेली नसते. काही निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तावरून आधी तयार केलेल्या तक्त्यातून ती शोधली जाते. त्या स्वयंसेवकांत आपल्यासारख्या सावळ्या आणि काळ्या त्वचेची माणसे किती होती, हा प्रश्न आपल्याकडे यंत्र विकत घेताना जवळजवळ कोणीच विचारत नाही.

यंत्राचे तत्त्व असे. बोटाला लावायच्या चिमट्याच्या एका बाजूला दोन लहान दिवे असतात. एक साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देतो आणि दुसरा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. समोरच्या बाजूचा संवेदक बोटातून पलीकडे पोहोचलेला प्रकाश टिपतो. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, तर प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश तुलनेने जास्त शोषते. मात्र बोटात हाड, स्नायू, शिरांतले रक्त आणि त्वचाही असते, आणि ही सगळी प्रकाश अडवतात. मग त्यातून धमनीतले रक्त वेगळे कसे काढायचे?

याचे उत्तर तोक्यो येथील निहोन कोहडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले. ते रक्तात रंगद्रव्य सोडून आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते हे मोजण्याच्या प्रयत्नात होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आलेखावर उमटणाऱ्या लहरी त्यांच्या कामात अडथळा आणत होत्या, म्हणून दोन तरंगलांब्यांच्या संकेतांचे गुणोत्तर घेऊन त्यांनी त्या लहरी पुसून टाकण्याची युक्ती योजली. रक्तातला प्राणवायू कमी झाला की ही युक्ती फसते, असे त्यांच्या लक्षात आले. ज्या लहरी ते काढून टाकू पाहत होते, त्यांतच धमनीच्या रक्तातील प्राणवायूची माहिती दडलेली होती! ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा धमनीचा आणि स्थिर राहणारा भाग बाकी सगळ्याचा, हे आजही प्रत्येक ऑक्सिमीटरचे मूळ सूत्र आहे. १९७४ मध्ये त्यांनी हे काम ओसाका येथील परिषदेत मांडले. १८ एप्रिल २०२० रोजी, जगभर लोक आपापल्या बोटाला चिमटा लावून आकडा पाहत असताना, त्यांचे निधन झाले.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. लाल आणि अवरक्त लहरींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढणारे शुद्ध गणिती सूत्र प्रत्यक्षात चालत नाही, कारण ऊतींमध्ये प्रकाश सरळ जात नाही, तो विखुरतो. त्यामुळे उत्पादक निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटातील धमनीत नळी बसवतात, श्वासातला प्राणवायू टप्प्याटप्प्याने कमी करतात, प्रत्येक टप्प्यावर रक्त काढून प्रयोगशाळेतील को-ऑक्सिमीटरवर (रक्ताच्या नमुन्यातील प्राणवायू थेट मोजणाऱ्या यंत्रावर) तपासतात आणि त्या क्षणी यंत्राला मिळालेले गुणोत्तर त्या उत्तरासमोर लिहून ठेवतात. गुणोत्तर १ आले की सुमारे ८५ टक्के, ही नोंद अशा तक्त्यातलीच आहे. माणसाचा प्राणवायू ७० टक्क्यांच्या खाली नेणे धोक्याचे असल्याने तक्ता तिथे थांबतो आणि त्याखालचे आकडे केवळ अंदाजाने पुढे ओढलेले असतात. अमेरिकेतील औषधे व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था असलेल्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा चाचणीसाठी किमान १० निरोगी स्वयंसेवक पुरेसे होते, आणि त्यांत गडद त्वचेचे किमान २ किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितके, असावेत अशी अपेक्षा होती.

या दोन माणसांच्या भरवशावर जगातील गडद त्वचेच्या सगळ्यांचे उपचार ठरवले गेले, हे मला अभियंता म्हणून अतिशय अस्वस्थ करते. इथल्या डॉक्टर मंडळींनी आणि इतर जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

शल्यसाथी

धागा अत्यंत आवश्यक आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझी सुरुवातच एका पथ्यापासून आहे: या चर्चेतून कोणीही 'ऑक्सिमीटर निरुपयोगी आहे' असा निष्कर्ष काढू नये. हे यंत्र येण्यापूर्वी रुग्णाचा प्राणवायू कमी होतो आहे हे भूलतज्ज्ञाला ओठ आणि नखे निळी पडल्यावरच कळत असे, आणि तोवर बराच उशीर झालेला असे. गडद त्वचेवर तर तो निळेपणा आणखी उशिरा दिसतो, त्यासाठी जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहावी लागते. म्हणजे सावळ्या रुग्णांच्या बाबतीत डोळ्यांनीही दगा द्यायचा आणि यंत्रानेही कमी अचूकतेने सांगायचे, अशी दुहेरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणीसूचीत ऑक्सिमीटर लावला आहे का आणि तो चालू आहे का, हा प्रश्न भूल देण्यापूर्वीच विचारलेला आहे, आणि तो तिथे असणे सर्वथा योग्य आहे.

आता अचूकतेविषयी. उत्पादक '± ३ टक्के' असे छापतात, तेव्हा बहुतेक लोकांना वाटते की चूक त्यापलीकडे जाणारच नाही. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे सर्व चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ असते, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की साधारण दोन तृतीयांश वाचने त्या मर्यादेत येतील. उरलेली एक तृतीयांश त्याबाहेर असू शकतात. रुग्णाचा आकडा ९८ असताना याने काही बिघडत नाही. ८८ ते ९२ या पट्ट्यात मात्र प्राणवायू सुरू करायचा की नाही, रुग्णाला वरच्या रुग्णालयात हलवायचे की नाही, हे निर्णय दोन-तीन टक्क्यांवर अवलंबून असतात.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आकड्याआधी लहर पाहायला सांगतो. पडद्यावर नाडीची लहर स्वच्छ आणि एकसारखी येत नसेल तर त्याशेजारच्या आकड्याला अर्थ नाही. हात थंड असेल, रक्तदाब उतरलेला असेल किंवा रुग्ण थरथरत असेल तर संकेत क्षीण होतो. बोटावरच्या स्वस्त यंत्रांत लहरीऐवजी वरखाली होणारी एक पट्टी असते. ती ठोक्याबरोबर ठळकपणे हलते आहे ना, एवढे तरी घरच्या माणसाने पाहावे.

अभ्यागत

मी तंत्रज्ञ नाही, म्हणून एक प्रश्न. त्वचेचा रंग तर ठोक्याबरोबर बदलत नाही. मग धागाकर्त्यांनी सांगितलेल्या सूत्राप्रमाणे तो स्थिर भागात जाऊन वजा व्हायला हवा. तसे होत असेल तर त्वचेच्या रंगाने फरक पडतोच कसा?

कातळखूण

हा प्रश्न नेमका आहे, आणि याच तर्कामुळे अनेक वर्षे अभियंत्यांनी त्वचेचा रंग गौण मानला. एक स्पष्टीकरण दिव्यांच्या स्वरूपात आहे. ६६० नॅनोमीटरचा म्हणून बसवलेला दिवा केवळ तेवढ्याच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही. त्याच्या आजूबाजूचा एक पट्टाच बाहेर पडतो. त्वचेतले मेलॅनिन आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते. त्यामुळे गडद त्वचेतून आत शिरता शिरता त्या पट्ट्याची आखूड बाजू जास्त गळते आणि रक्तापर्यंत पोहोचणारा लाल प्रकाश सरासरीने थोडा लांब तरंगलांबीचा झालेला असतो. तिथे प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन कमी प्रकाश शोषते, गुणोत्तर घटते आणि तक्ता वरचा आकडा दाखवतो. म्हणजे चूक ज्या दिशेने होते ती धोक्याची आहे: रुग्ण प्रत्यक्षात आहे त्याहून बरा दिसतो. याशिवाय एकूण प्रकाशच कमी पोहोचत असल्याने संकेतात गोंगाटाचे प्रमाण वाढते, ते वेगळेच.

ही शंका नवी नाही. १९९० मध्ये जुब्रान आणि टोबिन यांनी कृत्रिम श्वसनावर असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांत वाचनाची चूक अधिक असल्याचे दाखवले होते. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील बिकलर, फायनर आणि सेवरिंगहाउस यांनी प्रयोगशाळेत असे दाखवले की प्राणवायू जसजसा खाली जातो तसतशी गडद त्वचेवरची चूक वाढत जाते. तरीही १५ वर्षे काही हलले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील स्योडिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातील नोंदी पडताळल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांपेक्षा कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. लपलेल्या प्राणवायू-न्यूनतेचे हे प्रमाण जवळपास तिप्पट आहे.

निविदापत्र

विषयाचे गांभीर्य मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. हे सारे अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि त्यांत रुग्णांनी स्वतःची जी वांशिक ओळख सांगितली, तिच्यावरून गट पाडलेले आहेत. 'कृष्णवर्णीय' म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीची त्वचा फिकटही असू शकते. तो निष्कर्ष उचलून सरळ मराठी माणसावर लावणे शास्त्रीय ठरेल का? आपल्याकडे एकाच घरात गव्हाळ आणि काळ्या वर्णाची भावंडे असतात.

कातळखूण

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मला पुढे नेतो. मिशिगनचा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारित होता, आणि बोटावरचे वाचन व रक्ताचा नमुना यांत १० मिनिटांपर्यंतचे अंतर चालवून घेतले होते. वंश हा त्वचेच्या रंगाचा कच्चा मापदंड आहे, हेही खरे. म्हणूनच एफडीएच्या जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात वंशाऐवजी प्रत्यक्ष त्वचेचा रंग मोजण्यावर भर आहे. त्यासाठी १० छटांची मंक मोजपट्टी आणि उपकरणाने काढलेला रंगकोन (त्वचा किती उजळ वा गडद हे सांगणारा आकडा) अशी दोन्ही साधने सुचवली आहेत, आणि स्वयंसेवकांची संख्या १० वरून १५० किंवा त्याहून अधिक करावी असे म्हटले आहे.

मात्र आपल्या आक्षेपातून मी 'आपल्याला काळजी नको' असा निष्कर्ष काढणार नाही. मेलॅनिनचे भौतिकशास्त्र अमेरिकेत एक आणि मेळघाटात दुसरे असे असत नाही. आपल्या छटांवर चूक नेमकी किती हे ठरवण्यासाठी आपल्याच माणसांवर, रंग मोजून, धमनीच्या रक्ताशी ताडून केलेला मोठा अभ्यास हवा, आणि असा अभ्यास करण्याची क्षमता आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नक्कीच आहे.

वैनगंगाकाठ

मी पूर्व विदर्भात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. इथल्या माझ्या रुग्णांत गोंड आणि माडिया समाजाची मंडळी मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यातल्या अनेकांची त्वचा बरीच गडद असते, आणि याच भागात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराचे रुग्णही आहेत. माझ्याकडे धमनीच्या रक्ताची तपासणी करण्याची सोय नाही. जिल्हा रुग्णालयात पोहोचायला रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल हे पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यावर ठरते. त्यामुळे बोटावरचा आकडा हाच माझ्या हातातला एकमेव पुरावा असतो.

सिकलसेलमध्ये परिस्थिती आणखी गुंतागुंतीची होते. त्या हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद मुळातच कमी असल्याने रुग्ण बरा असतानाही आकडा खाली असू शकतो. उलट तांबड्या पेशी फुटत राहिल्याने रक्तात कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन थोडे वाढलेले असते आणि दोनच तरंगलांब्यांचे हे यंत्र त्याला प्राणवायूयुक्त समजून आकडा फुगवते. अशा रुग्णाला छातीत दुखू लागले आणि यंत्र ९३ दाखवत असेल, तर तो त्याचा नेहमीचा आकडा आहे की छातीतल्या तीव्र संकटाची सुरुवात, हे त्याचा पूर्वीचा आकडा माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आमच्या परिचारिका ताई आता प्रत्येक सिकलसेल रुग्णाच्या कार्डावर तो बरा असतानाचा आकडा लिहून ठेवतात. खर्च काहीच नाही, आणि मला त्याचा फार उपयोग झाला आहे.

थंडीत बंद खोलीत शेकोटी किंवा शेगडी पेटवून झोपलेली माणसे बेशुद्ध अवस्थेत आणली जातात, तेव्हाही यंत्र ९८ दाखवते, कारण कार्बन मोनॉक्साइड त्याला दिसत नाही. नव्या कर्मचाऱ्यांना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो. लग्नसराईत हाताला काळी मेंदी असेल तर चिमटा कानाच्या पाळीला किंवा पायाच्या बोटाला लावायचा, हेही.

पंचगंगा

मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करते. आमच्याकडे चूक दोन्ही बाजूंनी घातक असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला प्राणवायू कमी पडला तर जीव जातो, आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या विपरीत वाढून दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे ८५ ते ८९ या पट्ट्यात ठेवावे की ९१ ते ९५ या पट्ट्यात, यावर अनेक देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. खालच्या पट्ट्यात डोळ्यांचा आजार कमी झाला, पण मृत्यू वाढले, आणि म्हणून वरचा पट्टा स्वीकारला गेला.

या चाचण्यांपैकी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील चाचण्या चालू असताना, वापरात असलेल्या ऑक्सिमीटरच्या तक्त्यातच साधारण ८७ ते ९० च्या दरम्यान एक दोष असल्याचे आढळले आणि मध्येच आज्ञावली (सॉफ्टवेअर) सुधारून बसवावी लागली. सुधारित यंत्रांवरच्या बाळांत दोन्ही पट्ट्यांतला मृत्यूचा फरक अधिक ठळक दिसला. म्हणजे तक्त्यातली छोटीशी चूक एखाद्या वैद्यकीय प्रश्नाचे उत्तरच अंधुक करू शकते. धागाकर्त्यांचा मुद्दा किती खोलवर जातो हे यावरून लक्षात यावे. शिवाय निरोगी प्रौढांना मुद्दाम कमी प्राणवायू देऊन तक्ता बनवता येतो, तसे नवजात बाळांवर कधीच करता येणार नाही. त्यांच्यासाठी आपण प्रौढांचाच तक्ता वापरतो.

तरीही या यंत्राने आम्हाला मोठे बळ दिले आहे, हे नमूद करायलाच हवे. जन्मानंतर २४ तास उलटल्यावर उजव्या हातावर आणि एका पायावर प्राणवायू मोजला, आणि तो ९५ च्या खाली असेल किंवा दोहोंत ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर हृदयाचा गंभीर जन्मजात दोष असण्याची शंका घेऊन पुढील तपासणी करता येते. बाळ निळे पडण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

थेम्सपार

मी ब्रिटनमध्ये रुग्णालयातील उपकरणांच्या देखभालीचे काम करतो. इथे २०२१ मध्ये सरकारने वैद्यकीय उपकरणांतील विषमतेचा आढावा घेण्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. प्राध्यापक मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटरच्या चुकीमुळे गडद त्वचेच्या रुग्णांवर अन्याय होण्याचा धोका त्यात स्पष्टपणे मांडला आहे. मला त्यातली एक शिफारस सर्वात व्यवहार्य वाटली: सार्वजनिक आरोग्यसेवेने खरेदी करतानाच, हे यंत्र सर्व छटांच्या त्वचेवर पुरेसे तपासलेले आहे का, हे पाहावे. मोठा ग्राहक अट घालतो तेव्हा उत्पादक हलतो.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. गडद त्वचेसाठी आज्ञावलीतच दोन टक्के वजा करण्याची सोय का देऊ नये?

कातळखूण

असा सरधोपट उपाय धोक्याचा ठरेल. चूक सर्वत्र सारखी नाही. ९८ वर ती नगण्य असते आणि ८० कडे जाताना वाढते. शिवाय एकाच छटेच्या दोन व्यक्तींतही ती वेगवेगळी असते. सरसकट वजाबाकी केली तर काहींना विनाकारण प्राणवायू दिला जाईल, आणि वर नवजात बाळांविषयी लिहिले आहे त्याप्रमाणे जास्तीचा प्राणवायू निरुपद्रवी नसतो. कायमचा उपाय यंत्राच्या रचनेतच शोधावा लागेल. अरुंद पट्ट्याचा प्रकाश देणारे लेसर दिवे, दोनऐवजी अधिक तरंगलांब्या, आणि चिमट्यातच त्वचेचा रंग मोजून त्यानुसार प्रकाशाची तीव्रता व तक्ता बदलण्याची सोय, अशा दिशांनी काम चालू आहे. अधिक तरंगलांब्यांच्या यंत्रांनी कार्बन मोनॉक्साइडही ओळखता येतो, म्हणजे वैनगंगाकाठ यांची शेगडीची अडचणही काही अंशी सुटेल. मनगटावरच्या घड्याळांकडून मात्र माझ्या अपेक्षा मर्यादित आहेत, कारण तिथे प्रकाश आरपार जात नाही, परावर्तित होऊन येतो, आणि मनगटावरची नाडीची लहर बोटाच्या तुलनेत फारच दुबळी असते.

निविदापत्र

मी आधीच्या प्रतिसादात आक्षेप घेतला होता, पण खरेदीच्या बाबतीत थेम्सपार यांच्याशी पूर्ण सहमत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली, त्याने किमती खाली आल्या आणि ते चांगलेच झाले. अचूकतेची अट मात्र मी पाहिलेल्या निविदांत '७० ते १०० टक्क्यांत ± २' अशा एका ओळीपलीकडे जात नाही. या ओळीत नेमके काय वाढवावे, हे धागाकर्ते सांगू शकतील का? आमच्या जिल्ह्यातील पुढच्या खरेदीच्या वेळी मी ते समितीसमोर ठेवेन.

कातळखूण

आपण हे विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला. माझ्या मते तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, धमनीच्या रक्ताशी ताडून केलेल्या चाचणीचा पूर्ण अहवाल, ज्यात किती व्यक्ती होत्या आणि त्यांच्या त्वचेच्या छटा कोणत्या मोजपट्टीने नोंदवल्या हे लिहिलेले असेल. दुसरी, ७० ते ८०, ८० ते ९० आणि ९० ते १०० अशा तिन्ही पट्ट्यांतील चूक स्वतंत्रपणे दाखवलेली, आणि गडद छटांसाठी वेगळी; कारण ९० च्या वरच्या चांगल्या वाचनांच्या सरासरीत खालची चूक सहज झाकली जाते. तिसरी, संकेत क्षीण असताना यंत्र आकडा दाखवणे थांबवते की जुनाच आकडा धरून ठेवते, याचे लेखी उत्तर. बाजारातल्या सिम्युलेटरवर (बोटाची नक्कल करणाऱ्या उपकरणावर) यंत्र लावून दिलेले प्रमाणपत्र या तिन्हींच्या जागी स्वीकारू नये. सिम्युलेटर फक्त गुणोत्तर वाचले गेले की नाही हे तपासतो. तक्ता माणसांशी जुळतो की नाही, हे त्याला कळत नाही.

वैनगंगाकाठ

यात चौथी अट जोडावी, ही विनंती. लहर दाखवणारा पडदा असलेले यंत्र मागावे, मग ते थोडे महाग असले तरी चालेल. शल्यसाथी यांनी लिहिलेली लहर पाहण्याची सवय मी आमच्या आशा सेविकांना लावू शकतो, पण त्यांच्या हातातल्या यंत्रावर ती दिसायला हवी.